पाहुण्याची घागर

यंदा सहलीचा विषय निघाला तेव्हा नेहमीची नावे पहिल्या पाच मिनिटांतच बाद झाली. महाबळेश्वर जुने झाले, गणपतीपुळे सर्वांनी पाहिलेले, आणि अजिंठा-वेरूळ म्हटले की मुले जांभया देऊ लागतात. शेवटी कुणीतरी लक्षद्वीपचे नाव घेतले आणि वर्गात एकच गलका झाला. समुद्रात बुडी मारून रंगीबेरंगी मासे पाहायचे, होड्या वल्हवायच्या, वाळूवर तंबू ठोकायचे! एकाने या बेताला ‘पर्यावरणपूरक साहसी सहल’ असे भारदस्त नाव दिले आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या न्यायच्या नाहीत असा ठरावही तोंडी पास झाला. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या लक्षद्वीप-भेटीची छायाचित्रे मोबाईलवरून घरोघर पोचली, तेव्हापासून ही बेटे साऱ्या देशाच्या स्वप्नात आहेत. मग आपणच मागे का राहावे?

या बेताला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. समुद्र मी आजवर दोनदा पाहिला, तोही किनाऱ्यावर उभी राहून. जहाजावर पाऊल ठेवलेले नाही. तेव्हा जाण्याची हौस माझ्याइतकी क्वचितच कुणाला असेल. परंतु ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द आपण ज्या सहजपणे सहलीच्या कपाळाला चिकटवला, त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते. कापडी पिशवी नेली की सहल पर्यावरणपूरक होते काय? हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. तो माझ्या आईने विचारला.

बेत ऐकून ती आधी खर्चाचे बोलेल अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारले, “समुद्राच्या मधी ऱ्हातात म्हंजे ती मान्सं पियाला पानी कुठचं घेतात?” आमच्याकडे मुलीची सोयरीक जुळवताना आधी त्या गावची विहीर विचारतात, मग जमीन आणि मग मुलगा. मार्च उलटला की शहापूर तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांना नव्या गावाविषयी दुसरा प्रश्न सुचणार तरी कसा? मला उत्तर देता येईना. म्हणून वाचनालयात बसले आणि जे वाचले ते येथे सांगते.

लक्षद्वीप म्हणजे 36 बेटे, असे जुन्या नोंदी सांगतात. वस्ती केवळ दहांवर. सगळ्यांची मिळून जमीन सुमारे 32 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या तानसा अभयारण्याचा जेमतेम दहावा हिस्सा. 2011 च्या जनगणनेत तेथे 64,473 माणसे राहत होती. कोचीपासून 220 ते 440 किलोमीटर अंतरावर पसरलेली ही बेटे प्रवाळाची, म्हणजे पोवळ्याच्या किड्यांनी हजारो वर्षे आपल्या सांगाड्यांवर सांगाडे रचून उभी केलेली. तेथे डोंगर नाही, नदी नाही, ओढाही नाही. पाऊस मात्र भरपूर. तो वाळूत मुरतो आणि खाली समुद्राचे जे खारे पाणी शिरलेले असते त्याच्यावर तरंगत राहतो. गोडे पाणी हलके, खारे जड. म्हणून ताकावर लोण्याचा गोळा राहावा तसा गोड्या पाण्याचा पातळ थर बेटाच्या पोटात टिकतो. याच थरावर विहिरी, याच थरावर माड आणि याच थरावर माणसे. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते. शौचालयाचे शोषखड्डे वाढले की घाण त्याच थरात उतरते. एकदा विहीर बिघडली की शेजारच्या गावाला जावे, तर शेजारी गाव नाही, समुद्र आहे.

यावर उपाय म्हणून कवरत्ती बेटावर 2005 साली समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. वरचे कोमट पाणी निर्वात टाकीत वाफ करायचे आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ निववायची, अशी त्याची रीत. 2011 साली मिनिकॉय आणि अगत्ती येथे असेच प्रकल्प झाले, पुढे आणखी बेटांवरही. आपल्या शास्त्रज्ञांचे हे काम निःसंशय अभिमानास्पद आहे. पण आकडा पाहा. कवरत्तीचा प्रकल्प बांधला तो दिवसाला एक लाख लिटरचा. आमच्या हिशेबात सांगायचे तर दहा हजार लिटरच्या टँकरच्या दहा फेऱ्या. कवरत्तीची वस्ती अकरा हजारांच्या आसपास. म्हणजे माणशी नऊ लिटर, एक मोठी कळशी. शिवाय बेटांवरची वीज बहुतांशी डिझेलवर आणि डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने आलेले. शहरातल्या हॉटेलात फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभा राहणारा पाहुणा किती कळश्या सांडतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता कुणी म्हणेल, लक्षद्वीपच्या पाण्याची चिंता भातसानगरच्या मुलीने का वाहावी? मला वाटते, तीच वाहू शकेल. कारण पाण्याच्या काठी तहानलेले राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा उपयुक्त साठा 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटरांचा. त्यांपैकी 7 लाख 17 हजार एकट्या भातसाचा, म्हणजे जवळजवळ निम्मा. तानसा तर 1892 पासून मुंबईची तहान भागवीत आहे. पावसाळ्यात येथे आभाळ फाटते. परंतु आमचा डोंगर काळ्या कातळाचा. पाणी मुरण्याऐवजी धावते, आणि जे धावते ते धरणात जाते. वर पाड्यावरच्या विहिरी मात्र होळीनंतर तळ दाखवू लागतात. लक्षद्वीपच्या भोवती समुद्र, आमच्या भोवती धरण. दोन्हीकडे डोळ्यांना पाणी दिसते आणि हंडा रिकामा असतो. मुंबईकरांना मी दोष देत नाही. तहान सर्वांनाच असते. पण नळ उघडताना ते पाणी कोठून आले हे ज्याला ठाऊक नसते, त्याचा नळ उघडाच राहतो, एवढे मात्र खरे.

पाहुणे कसे असतात, हेही आपण चांगले जाणतो. आसनगाव स्टेशनवर रविवारी सकाळी उतरणारे जथे पाहा. पाठीवर पिशव्या, पायांत भारी बूट, माहुली चढायला निघालेले. मुरबाडकडे नाणेघाट आणि माळशेज घाट; पावसाळ्यात तेथे धबधब्याखाली उभे राहायला जागा मिळत नाही. या पाहुण्यांत खरोखर डोंगरावर प्रेम करणारे पुष्कळ असतात. काही मंडळी तर दुसऱ्यांनी टाकलेला कचरा पोत्यात भरून खाली आणतात. त्यांना माझा नमस्कार. पण सोमवारी सकाळी गुरे घेऊन जाणाऱ्या पोराला वाटेवर काय सापडते? बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या आणि फुटलेल्या काचा. धबधब्यात कुणी घसरला तर दोर घेऊन धावतात ती गावातलीच पोरे. आणि पाड्यावर येऊन न विचारता चुलीचे, म्हातारीचे, नागड्या पोराचे फोटो काढणारे तर आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या मते त्यांनी केलेली ती साहसी सहल असते आणि बहुधा पर्यावरणपूरकही!

मित्रहो, मुद्दा एवढाच आहे. माहुलीच्या पायथ्याशी आपण यजमान आहोत. लक्षद्वीपला आपण पाहुणे असू. यजमान म्हणून जे आपल्याला खुपते, ते पाहुणे म्हणून आपण करायचे नाही. पर्यावरणपूरक सहलीची माझी व्याख्या याहून मोठी नाही. पाहुणा आला म्हणून यजमानाची घागर रिकामी होता कामा नये, आणि पाहुणा गेल्यावर त्याची घाण यजमानाला काढावी लागता कामा नये.

ही कल्पना केवळ माझ्या डोक्यातली नाही. पॅसिफिक महासागरातील पलाऊ या चिमुकल्या बेटराष्ट्राने 2017 च्या डिसेंबरपासून येणाऱ्या पाहुण्याच्या पारपत्रावर एक प्रतिज्ञा उमटवायला सुरुवात केली. तिच्याखाली पाहुण्याने सही करायची. ती प्रतिज्ञा तेथील मुलांना उद्देशून आहे, याचे मला विशेष वाटते. ज्यांनी वेळेवर पाहुण्यांना आवरले नाही, त्यांना पुढे दारे लावावी लागली. फिलिपाइन्समधील बोराके बेट सांडपाण्याने इतके नासले की 2018 साली सहा महिने पर्यटकांना बंद करावे लागले. थायलंडमधील माया बे हा किनारा एका चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाला. तेथे दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसे उतरू लागली आणि प्रवाळ मेले. 2018 साली तो बंद झाला तो 2022 च्या जानेवारीतच पुन्हा उघडला. आपल्याकडच्या प्रवाळाची प्रकृती आधीच नाजूक आहे. समुद्र तापला की पोवळी पांढरी पडतात. लक्षद्वीपात 1998, 2010, 2016 आणि 2024 या वर्षी हे घडले. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण चपला बाहेर काढतो, हळू बोलतो. तेवढी रीत प्रवाळाच्या बाबतीतही पाळावी.

काही मित्रांचे म्हणणे, लक्षद्वीपऐवजी अंदमानला जावे. सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी पाहावी अशी इच्छा कोणत्या मराठी माणसाला होणार नाही? 1911 च्या जुलैत सावरकर तेथे पोचले तेव्हा त्या प्रवासाला सहल म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. पण अंदमानचाही एक धडा आहे. नॉर्थ सेंटिनेल बेटावरील लोकांना बाहेरच्यांशी संबंध नको आहे आणि त्या बेटावर जाण्यास कायद्याने बंदी आहे. असे असता 2025 च्या मार्चअखेर एक अमेरिकन तरुण रबरी होडीतून तेथे उतरला आणि शीतपेयाचा डबा व नारळ ठेवून परतला. पुढे त्याला अटक झाली. त्याच्या मते तेही साहसच असावे. पण साध्या सर्दी-पडशाचा जंतूही ज्यांना घातक ठरू शकतो, त्यांच्या जिवावर केलेले साहस ते कसले? काही ठिकाणी न जाणे हीच रीत असते, हे शिकलेल्या माणसाला कळायला हवे.

तेव्हा आपण जावे. पण कसे जावे? माझ्या काही अटी आहेत.

पहिली अट माणसांची. साठ जणांचा लोंढा नको. एका वेळी पंधरा पुरे. लक्षद्वीपला जायला 1967 च्या नियमांनुसार परवाना लागतो. तो मिळवण्याच्या खटपटीला काही जण कटकट म्हणतात. मी त्याला दार ठोठावणे म्हणते.

दुसरी अट वाटेची. ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेस धरावी आणि कोकण रेल्वेने एर्नाकुलमला उतरावे. तेथून कोचीच्या धक्क्यावरून जहाज. विमानाने वेळ वाचेल, पण धूर आणि पैसा दोन्ही अधिक जातील. शिवाय कोकण आणि केरळ खिडकीतून पाहणे हीदेखील अर्धी सहल आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस धरावेत.

तिसरी अट पाण्याची, आणि माझ्या मते हीच मुख्य. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशा बेटांची जहाजावरून सहल आखण्याची एक चांगली पद्धत लक्षद्वीपमध्ये रुळलेली आहे: दिवसा बेटावर हिंडायचे आणि रात्री मुक्कामाला जहाजावर परतायचे. बेटावर खोल्या नकोत, न्हाणीघरे नकोत. आपल्याला हीच पद्धत योग्य. बेटावर उतरताना प्रत्येकाने आपली स्टीलची बाटली भरून न्यावी. तंबू ठोकण्याची हौस आपण आजोबा पर्वताच्या पायथ्याशी भागवू.

चौथी अट कचऱ्याची. बेटावर कचरा पुरायला जागा नाही आणि जाळला तर धूर घराघरांत. म्हणून जे नेऊ ते परत आणू, अगदी औषधाच्या गोळीचे पाकीटसुद्धा. आणलेला कचरा आसनगाव स्टेशनवर सर्वांसमक्ष मोजावा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पाचवी अट समुद्राची. ज्याला पोहता येत नाही त्याने आधी पोहायला शिकावे. घाबरलेला माणूस पाण्यात पहिला पाय टेकवतो तो प्रवाळावर, आणि वर्षाकाठी बोटभर वाढणारे प्रवाळ एका लाथेने मोडते. शिंपले, पोवळी, शंख आठवण म्हणून उचलायचे नाहीत. पोवळी तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या पंक्तीला बसवलेली आहेत. अंगाला फासायची उन्हाची मलमे बाजूला ठेवून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. आपल्या शेतात राबणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलेले नाही, तरी त्या तेच करतात.

सहावी अट माणुसकीची. लक्षद्वीपचे लोक बहुसंख्य मुसलमान आहेत. जवळजवळ सर्वच जण अनुसूचित जमातीत मोडतात. त्यांची बोली मल्याळमच्या कुळातली, तर मिनिकॉयची महल ही अगदी वेगळी, मालदीवकडची. मिनिकॉयचे कोळी जाळे न टाकता गळाच्या काठीने एकेक कुपा मासा पकडतात, त्यामुळे समुद्र ओरबाडला जात नाही. पर्यावरणाविषयी त्यांना व्याख्यान देण्यापूर्वी आपण त्यांचे ऐकावे. त्यांच्या चालीरीतींप्रमाणे वागावे, आणि फोटो काढण्याआधी विचारावे. आपल्या पाड्यावर येणाऱ्यांनी विचारले असते, तर आपल्या म्हाताऱ्यांनी नाही म्हटले नसते.

या अटी वाचून दोन आक्षेप येतील. एक आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गातला: पर्यटक आले तर बेटावर पैसा येतो, रोजगार मिळतो, तुम्ही त्याला नकार देता काय? मुळीच नाही. माळशेजच्या वळणावर भाजलेली कणसे विकणाऱ्या बाईची पावसाळ्यातली मिळकत मला ठाऊक आहे. पैसा तिच्या हातात पडतो, म्हणून तो खरा. पण खोली बाहेरच्याची, धान्य बाहेरचे, नोकर बाहेरचे आणि गावाच्या वाट्याला फक्त सांडपाणी, असे झाले तर त्याला रोजगार म्हणता येणार नाही. म्हणून आपली होडी बेटावरच्या नावाड्याची असावी आणि जेवण बेटावरच्या चुलीवरचे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. आपल्यासारख्यांना ही सहल परवडणार का? ज्यांच्या घरी मुलीच्या पुस्तकांसाठी भात विकावा लागतो, त्यांनी बेटांची स्वप्ने पाहावीत का? मी म्हणते, जरूर पाहावीत. जग पाहण्याचा हक्क मुंबईच्या मुलांचाच नाही. उलट मला असे वाटते की ज्याने खांद्यावरून पाणी वाहिले, त्याने जगातल्या बेटांवर आधी जावे. त्याच्या हातून नळ उघडा राहणार नाही. मात्र त्यासाठी कुणाच्या बापाने कर्ज काढू नये. दोन वर्षे महिन्याला थोडे थोडे साठवून एक निधी करता येईल, आणि ज्यांना तेवढेही जमणार नाही त्यांचा वाटा सर्वांनी मिळून उचलावा. दोन वर्षे थांबण्यात नुकसान नाही. तेवढ्यात पोहणेही शिकून होईल.

त्या दोन वर्षांत करण्यासारखे एक काम मात्र आजच आहे. लक्षद्वीपसाठी केलेले हे नियम आपण आधी घरच्या मैदानावर वापरून पाहू. येत्या पावसाळ्यानंतर आपल्या पंधरा जणांनी माहुलीची वाट एकदा पायथ्यापासून वरपर्यंत साफ करावी. पायथ्याशी एक फळा लावावा. त्यावर गावात विहिरीला पाणी किती उरले आहे ते दर आठवड्याला खडूने लिहावे आणि ‘पाहुण्यांनो, पाणी भरून या, कचरा घेऊन जा’ एवढीच विनंती करावी. शहरातून येणारी मुले आपल्याच वयाची आहेत. तीही शिकलेली आहेत. त्यांना कुणी सांगितलेच नसेल, तर सांगणे हे यजमानाचे काम आहे. जो घरी यजमानपण नीट निभावतो, तोच परक्या दारात चांगला पाहुणा ठरतो.

आईला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. वाळूच्या पोटातल्या गोड्या थराविषयी सांगितले. ती म्हणाली, “मंग तुमी थोडं थोडंच प्या.” सहल समितीच्या ठरावात ही सूचना जशीच्या तशी घ्यावी, अशी माझी विनंती आहे. ज्यांना माहुलीच्या कामात यायचे असेल त्यांनी आपली नावे वाचनालयाच्या टेबलावरील वहीत लिहावीत. पहिले नाव मी लिहिले आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला, भातसानगर